मधल्या माणसाची परवानगी

नळीचं झाकण काढायचा मान टेगनने वर्ना आंटीला देऊ केला होता. आंटी म्हणाली, माझे हात ओले आहेत. तिचे हात कोरडे होते. मग टेगनने क्लेम अंकलकडे पाहिलं, तर ते हीटरजवळच्या खुर्चीतून हलायला तयार नव्हते. शेवटी तिने स्वतःच झाकण ओढलं आणि मेलबर्नहून त्या नळीतून आलेला कापडी बॅनर क्लबहाउसमधल्या जोडून ठेवलेल्या टेबलांवर उलगडायला घेतला.

एरवी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याच्या आदल्या दुपारी कॅलावारी वस्तीच्या निम्म्या बायका इथे जमिनीवर बसलेल्या असत. क्रेप कागदाच्या पट्ट्या, चिकटपट्टीची जाळी, चहा, कोणाच्या तरी नवऱ्याची निंदा. आणि मधोमध वर्ना आंटी, गुडघे टेकून, हातात कात्री. टेगनच्या जन्माआधीपासून क्लबाचा प्रत्येक बॅनर आंटीच्या हाताखालून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी खेळाडूंनी धावत येऊन तो फाडला होता. फाडण्यासाठीच तो असे. ज्याचा शंभरावा किंवा दीडशेवा सामना असेल तो सर्वांत पुढे, त्याच्यामागे बाकीची टीम.

उद्या आंटीच्या मुलाचा, डेन्झिलचा, दोनशेवा सामना होता. मूळनिवासींच्या मिशन-वसाहतीच्या काळापासून चालत आलेल्या या क्लबात इतके सामने फार थोड्यांनी खेळले होते, आणि डेन्झिलचा डावा गुडघा बघता अडीचशेची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. म्हणून या वेळी राहील असं काहीतरी करायचं, असं टेगनने ठरवलं होतं. डेन्झिलही खूश होता. खूश नव्हती ती फक्त आंटी.

"एवढं जाड?" कापड चिमटीत धरून आंटी म्हणाली. "याला फाडायला माझा मुलगा नको, बैल पाहिजे."

"फाडायचं नाहीच, आंटी. मधे वेल्क्रो आहे. धावत आलं की दोन भाग सुटतात. नंतर परत जोडायचे."

"परत जोडायचे."

"हो."

"म्हणजे लग्नासारखं नाही."

क्लेम अंकल खुर्चीतच हलले. ते हसले की हसत हसत खोकले, ते कळत नसे.

"आणि ही बारीक छिद्रं बघ," टेगन म्हणाली. तिने मृदाशास्त्रात पदवी घेतली होती आणि कोणतीही वस्तू उजेडाकडे धरून बघायची सवय तिला तिथेच लागली होती. "वारा यातून आरपार जातो. तुझा गेल्या वर्षीचा बॅनर तर पोरं यायच्या आधी वाऱ्यानेच फाडला."

"वाऱ्याचाही शंभरावा असेल," आंटी म्हणाली.

बॅनर पूर्ण उलगडला तेव्हा मात्र तिच्या चिमटीतलं कापड सुटलं. वर सोनेरी अक्षरांत डेन्झिलचं नाव होतं, दोनशेचा आकडा होता. पण खाली, टेबलांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, क्लबाची पहिली टीम उभी होती. आडव्या पट्ट्यांच्या जर्सी, छातीवर घड्या घातलेले हात, रागावल्यासारखे चेहरे.

हा फोटो कॅलावारीत सगळ्यांना पाठ होता. क्लबहाउसच्या भिंतीवर त्याची एक प्रत होती, पण मोठ्या पुरात तिच्यात पाणी शिरलं होतं आणि मधल्या माणसाच्या जागी तपकिरी डाग उरला होता. लहानपणी टेगन आणि डेन्झिल त्या डागाला 'पुराचा अंकल' म्हणत आणि त्याला घाबरत. शहरातल्या संग्रहालयात टेगनला त्याच फोटोची स्वच्छ प्रत मिळाली होती. खाली कोणाचंच नाव नव्हतं, नुसतं 'मिशनचे खेळाडू' एवढंच.

"अरे," आंटी वाकून म्हणाली. "याला तोंड आहे की."

डागाच्या जागी एक तरुण उभा होता. टीममध्ये बहुधा सर्वांत लहान. कान बाहेर आलेले, पायांत बूट नाहीत. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे रोखून बघत होते; हा मात्र बाजूला, चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी बघत होता, आणि त्याला ते आवडत असावं.

तेवढ्यात रस्त्याच्या कामावरून सुटलेला डेन्झिल नारिंगी जाकीट घालूनच आत आला. त्याने टेबलांभोवती एक फेरी मारली. स्वतःच्या नावाकडे बघून तो लाजला आणि ते लपवायला म्हणाला, "नाव बारीक झालंय."

"तुझं डोकं मोठं झालंय," आंटी म्हणाली.

"हे आपले पॉप एबल आजोबा. हे क्लेम अंकलचे काका." तो बोट फिरवत मधे आला आणि थांबला. "हा कोण?"

तो आणखी खाली वाकला.

"वेल्क्रो कुठे आहे, टेग?"

टेगनने ते त्याच्या एक क्षण आधी पाहिलं होतं. फट मधोमध होती, आणि मधोमध तो तरुण होता. फट त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून सरळ खाली गेली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर ती केसाएवढी रेघ होती. इथे तिच्यात बोट शिरत होतं.

"म्हणजे मी या माणसाच्या तोंडातून धावत जायचं," डेन्झिल म्हणाला, "आणि हा कोण ते आपल्याला माहीत नाही."

"माहीत नाही."

"त्याच्या घरच्यांना विचारलंस?"

गेलेल्या माणसाचा चेहरा चारचौघांत लावायचा तर त्याच्या माणसांना विचारायचं, हे कॅलावारीत पोरांना चालायला येतं तेव्हाच येतं. टेगन बाकी सगळ्यांच्या घरी गेली होती. प्रत्येक घरात चहा प्यायली होती, होकार घेऊन आली होती. मधल्या माणसासाठी कोणाकडे जायचं हेच माहीत नव्हतं. विचारायला कोणी नाही, म्हणजे विचारायची गरज नाही, असा निष्कर्ष तिने काढला होता. आता तो निष्कर्ष टेबलभर पसरला होता आणि त्याला कान होते.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"झालं तर मग." आंटी सरळ झाली, आणि तिच्या आवाजात समाधान नव्हतं असं म्हणता आलं नसतं. "कपाटात क्रेप आहे. चार जणींना फोन करते. अंधार पडायच्या आत होईल."

"तळ्याकडचा," क्लेम अंकल म्हणाले.

तिघंही त्यांच्याकडे वळली.

"तळ्याकडच्या लोकांतला होता. इथे खेळायला आला आणि राहिला. पळायचा फार."

"तुम्हाला माहीत आहे कोण ते?" टेगन म्हणाली. "अंकल, मी चार महिने सगळ्यांना विचारतेय."

"मला कुठे विचारलंस? मला तू विचारलंस माझ्या काकांचं, आणि हीटर वाढवू का."

"मग आता विचारते. नाव काय त्याचं?"

"नाव सांगणारा मी नाही." त्यांनी हात हीटरकडे धरले. "लवकर गेला तो. मग नाव बाजूला ठेवलं, गेलेल्याचं नाव काही काळ घेत नाहीत तसं. ज्यांनी ठेवलं ते परत बाहेर काढायच्या आधीच गेले. पण कोणाचा होता ते माझ्या आईने मला सांगितलेलं. कोणाला विचारायचं ते सांगू शकतो."

"कोणाला?"

त्यांनी टेगनकडे बघितलंच नाही. ते वर्नाकडे बघत होते.

"कोरलला. तिच्या आईचा बाप तो."

कोरल म्हणजे टेगनची आई. वर्नाच्या भावाची विधवा. ती शहरात राहत होती, गाडीने पंधरा मिनिटांवर, आणि वर्नाशी बोलत नव्हती. टेगन दर रविवारी आईकडे जेवायला जाई आणि तिथे फुटबॉलचा विषय काढत नसे. तिचे वडील गेले त्या हिवाळ्यात, पहिल्याच सामन्याला, वर्ना आंटीने बॅनरवर त्यांचं नाव लिहिलं होतं. सोनेरी कागदात, हातभर उंच अक्षरं. कोरलला विचारलं नव्हतं. कोरल कुंपणाशी उभी होती. तिच्या नवऱ्याचं नाव वर गेलं आणि सगळी टीम ओरडत त्यातून आरपार गेली. कोरल गाडीत बसली आणि त्यानंतर कॅलावारीच्या मैदानावर तिने पाय ठेवला नव्हता.

टेगनने कापडाकडे पाहिलं. हा चेहरा मावत नव्हता म्हणून तिने स्वतः मापं घेऊन फोटो दोन वेळा लहानमोठा केला होता. स्वतःच्या पणजोबाचा.

"कागद काढते," आंटी म्हणाली आणि कपाटाकडे निघाली.

"मम," डेन्झिल म्हणाला.

"चार रंग आहेत. छान होईल."

"मम, मी कागदातूनही नाही जाणार."

ती थांबली. डेन्झिलने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. तो सहसा आईशी वाद घालत नसे. मैदानावरही पंचांशी घालत नसे. "हा आता बाहेर आलाय. आपण चौघांनी बघितलाय. आता परत गुंडाळून नळीत घालायचा आणि कपाटावर टाकायचा, तर तेही कोणाला तरी विचारूनच ना?"

"टेगन विचारेल. तिची आई आहे."

"टेगन लहान आहे. क्लबातर्फे विचारायचं तर मोठ्या माणसाने विचारायचं. हे मला कोणी शिकवलं?"

"नालायकाला आजच आठवायचं होतं," वर्ना आंटी म्हणाली आणि पर्स शोधू लागली.

*

गाडीत वर्ना पुढे बसली. डेन्झिल चालवत होता, टेगन मागे, नळी तिरपी करून दोघांच्या मधे घातलेली, तिचं टोक वर्नाच्या खांद्याला लागत होतं. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत काय बोलायचं ते वर्नाने तीन प्रकारे ठरवलं. तिन्ही प्रकारांत सुरुवात कोरलच करत होती.

दार कोरलनेच उघडलं. आत सॉसेजच्या करीचा वास होता. तिचे केस पांढरे झाले होते. टेगनने हे कधी सांगितलं नव्हतं.

"कोणी गेलं का?" कोरलने विचारलं.

"नाही. सगळे आहेत."

"मग तू इथे कशी?"

"विचारायला आले."

कोरलने मागे उभ्या दोघांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाली. चहा दिला. डेन्झिलला न विचारता करीची ताटली दिली. टेगनला म्हणाली, "बाहेरचे कपडे दोरीवरून काढ, बाळा, दव पडेल." टेगन गेल्यावर ती वर्नासमोर बसली आणि तिने हात टेबलावर ठेवले.

"विचार."

वर्नाने ठरवलेलं सगळं सोडून दिलं. "तुझ्या आजोबांचा फोटो सापडलाय. पहिल्या टीमबरोबरचा. तुझ्या मुलीने उद्याच्या बॅनरवर छापलाय, तिला माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच नव्हतं. तो लावू का?"

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नाही लावणार."

"आणि याचा दोनशेवा?" कोरलने मान डेन्झिलकडे केली. त्याने चमचा खाली ठेवला.

"चालत जाईल आत. नुसता."

"गुडघा काय म्हणतो रे?"

"बरा आहे, आंटी."

"खोटं बोलतो. तुझा मामाही असंच सांगायचा." ती परत वर्नाकडे वळली. "तेव्हा का नाही विचारलंस?"

इतकी वर्षं वर्ना या प्रश्नाचं उत्तर स्वतःला देत आली होती. बाहेर ते लहान वाटलं. "माझा भाऊ होता. मला वाटलं, माझ्या भावासाठी मी कोणाला विचारू."

"आणि आता काय वाटतं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, असं वाटतं."

"नसते म्हणाले."

"मग ते ऐकलं असतं."

कोरलने कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "दाखव," ती म्हणाली.

घरात एवढं कापड पसरायला जागा नव्हती. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दोरी होती. टेगनने नुकतीच रिकामी केलेली. डेन्झिलने आणि तिने बॅनर चिमटे लावून त्यावर टांगला. वाऱ्याबरोबर दोरी फिरली आणि टीम हळूहळू कोरलकडे तोंड करून आली.

कोरलला आजोबांबद्दल नावाखेरीज एकच गोष्ट माहीत होती. तिच्या आईला तिच्या आईने सांगितलेली: हा माणूस प्रार्थनेला बसला की त्याचे पाय हलायचे. फोटो नव्हता. चेहऱ्याच्या जागी कोरल लहानपणापासून दोन पाय बघत आली होती. आता ती पुढे गेली आणि बराच वेळ कापडाच्या अगदी जवळ उभी राहिली.

"बूट नाहीत," ती म्हणाली.

"बाकीच्यांना आहेत," टेगन म्हणाली. "मला कळलं नाही का ते."

"तळ्याकडचे अनवाणीच खेळायचे. आई म्हणायची, बुटांत जमीन कळत नाही." तिने मान तिरपी केली. "कशाकडे बघतोय?"

"तेच मी शोधतेय. सावल्या बघ." टेगन आईच्या शेजारी येऊन उभी राहिली, बोटाने दाखवू लागली, ती अशी उत्साहात आली की शब्द भराभर येत. "मागची इमारत म्हणजे मिशनची शाळा, ती अजून आहे, पण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. आणि सूर्य नक्की कुठे होता ते शाळेच्या भिंतीआड जातंय. फोटो सकाळी काढला असेल तर त्याची मान तळ्याकडे आहे. दुपारी असेल तर फोटो उलट बाजूने काढलाय, मग मिशनच्या मॅनेजरच्या घराकडे."

"सकाळच असेल," कोरल म्हणाली.

"नक्की सांगता येत नाही, मम."

"तुला येत नसेल."

तिने हात वर करून त्याच्या कानाला लावला. मग फटीला. कडेला नख घालून वेल्क्रो जरासा ओढला. करकर आवाज झाला आणि कपाळ बोटभर उघडलं. तिने ते लगेच दाबून बंद केलं आणि वरून दोनदा हात फिरवला.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं," टेगन म्हणाली.

"हं." दोरी परत थोडी फिरली. कोरल तिच्याबरोबर फिरली. "उद्या सांगते."

"आंटी, सामना दुपारी—" डेन्झिल म्हणाला.

"उद्या म्हटलं ना."

परतताना पुलावर टेगनने मागून विचारलं, "आंटी, क्रेपची तयारी ठेवायची का? ती नाही म्हणाली तर?"

वर्नाला खिडकीत स्वतःचे हात दिसत होते. कात्री नसली की ते काय करतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. "नको," ती म्हणाली. "विचारलंय ना. मग उत्तर येईपर्यंत थांबायचं."

"पण डेन्झ—"

"डेन्झ थांबेल."

डेन्झिलने आरशात टेगनकडे बघितलं आणि खांदे उडवले. त्याला दोनशे सामन्यांनंतर बॅनर हवा होता. फार हवा होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची वेळ गेली होती.

*

दुसऱ्या दिवशी पोरं कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर पडायला तयार होती आणि बॅनर अजून गवतावर पडलेला होता, छापलेली बाजू खाली. दोन्ही काठ्या लावलेल्या. दर वेळी काठ्या धरायला चार दांडगी पोरं असत; आज वर्नाने त्यांना हाकललं होतं. ती एकटीच एका काठीशी उभी होती, लोकरीची टोपी कानांवर ओढून.

"उचलायचा की नाही, तेवढं सांगा," कोच म्हणाला. "समोरचे येऊन उभे राहिलेत."

"उभे राहू दे," डेन्झिल म्हणाला. "उभं राहायला गुडघा लागत नाही."

मैदानाभोवती गाड्या नाक आत करून लावलेल्या होत्या. लोक बॉनेटवर बसून चिप्स खात होते आणि सगळे बॅनरकडे बघत होते. बातमी पोचली होती. कॅलावारीत बातमीला गाडी लागत नाही. डेन्झिलने मनाशी ठरवलं की भोंगा वाजेपर्यंत वाट बघायची, मग सरळ चालत जायचं, आणि तोंडावर काही दाखवायचं नाही. ते त्याला जमलं असतं असं त्याला वाटत नव्हतं.

कोरलची गाडी फाटकातून आत आली. लावायला जागा होती तिथे तिने लावली नाही. पार क्लबहाउसपर्यंत आणली. मग उतरून, दार लावून, तिने सरळ मैदान ओलांडलं. तिने चांगला कोट घातला होता. टेगन तिच्याकडे धावली, पण कोरलने तिला हाताने मागे ठेवलं आणि ती डेन्झिलसमोर येऊन उभी राहिली.

"धावायचं नाही," ती म्हणाली.

"बरं."

"एकानेही नाही. तू जाऊन हाताने उघडायचं. दार उघडतात तसं. मग बाकीचे तुझ्यामागून, चालत."

"बरं, आंटी."

"आणि कोणाच्या दारात उभा आहेस ते माहीत पाहिजे." ती जवळ आली. तिने ते नाव घेतलं, हळू नाही आणि मोठ्यानेही नाही, जवळच्या माणसांना ऐकू येईल एवढंच. "रूबेन. पुष्कळ दिवस बाजूला राहिलं ते. माझ्या आईने मला दिलं होतं, मी आज काढतेय."

खुर्चीवर आणून बसवलेल्या क्लेम अंकलनी टोपी काढली.

मग कोरल दुसऱ्या काठीशी गेली. वर्नाने तोंड उघडलं, पोरांपैकी कोणाला तरी बोलवावं म्हणून असेल, आणि मिटलं. दोघींनी वाकून एकदम काठ्या उचलल्या. कापड वर गेलं, वाऱ्याने फुगलं, मधे वाकलं, पॉप एबलच्या पोटावर मोठी घडी पडली.

"ओढ," वर्ना म्हणाली.

"ओढतेय."

"अजून. ताण नसेल तर चेहरा सरळ दिसत नाही."

"इतकी वर्षं दुसरं काय केलं आपण?" कोरल म्हणाली आणि टाचा गवतात रोवल्या.

कापड ताठ झालं. टीम उभी राहिली, आणि मधे रूबेन, बाजूला बघत.

डेन्झिल चालत निघाला. मागे एकवीस जोड्या बूट गवतावर. एरवी या क्षणाला हॉर्न वाजतात, आज कोणाचा हात हॉर्नवर गेला नाही. बॅनरसमोर तो थांबला. चेहरा त्याच्या चेहऱ्याहून मोठा होता. काय म्हणायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

"पॉप रूबेन," तो म्हणाला, "मी डेन्झिल. वर्नाचा. खेळायला जायचंय."

मग त्याने नाकाशेजारची कड शोधली, दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. वेल्क्रोचा आवाज पार गाड्यांपर्यंत गेला. तो खांदा आत घालून पलीकडे गेला, आणि मागची पोरं एकेक करून, काही जण मान वाकवून. एकाने कापडाची कड पुढच्यासाठी धरून ठेवली. शेवटचा गेला तेव्हा कुठे पहिला हॉर्न वाजला, मग सगळे वाजले.

बॅनरचे दोन भाग आता दोन काठ्यांना लोंबत होते. अर्धा चेहरा वर्नाच्या हातात होता, अर्धा कोरलच्या, आणि वारा दोघींना दोन दिशांना ढकलत होता. टेगन मदतीला निघाली. क्लेम अंकलनी तिची बाही धरली.

परत जोडायचं तर ताण सोडावा लागत होता. वर्ना काठी घेऊन कोरलकडे सरकली. कोरल थोडी थांबली, मग तीही सरकली. काठ्या एकमेकींना टेकवून त्यांनी दोन्ही कडा जुळवल्या आणि तळहाताने वरून खालपर्यंत दाबत आल्या.

"नाक सरकलं," कोरल म्हणाली.

"दिसतंय तसं चांगलं."

"नाक सरकलंय, वर्ना. उघड परत."

मैदानात भोंगा वाजला, चेंडू वर गेला, लोक ओरडले. डेन्झिलचं नाव कोणीतरी घेत होतं. वर्नाने मान वळवली नाही. तिने कड धरली, हळूच सोडवली, आणि दुसऱ्यांदा जुळवायला घेतली.